टॅग न काढता

खरेदीच्या बाबतीत मला गंडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी बढाई म्हणून सांगत नाही, माझं कामच तसं आहे. मी बिजागऱ्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. आमच्याकडे एक यंत्र आहे. ते एक लाकडी दार दिवसभर उघडतं आणि मिटतं, उघडतं आणि मिटतं. मी समोर खुर्ची टाकून बसतो आणि बिजागरी कधी तुटते याची वाट बघतो. तुटली की माझा दिवस सार्थकी लागला! वस्तू मोडेपर्यंत वापरल्याशिवाय तिची लायकी कळत नाही, हे माझं ठाम मत आहे. घरीही मी ते सोडत नाही. म्हणून घरात माझ्या हातात सहसा कुणी काही देत नाही.

आता अशा माणसाच्या घरातल्या फ्रिजच्या दाराची बिजागरी तुटलेली असावी, हा निव्वळ योगायोग आहे. दार मिटायचं, पण मिटून राहायचं नाही. म्हणून त्याला एक स्टूल टेकवलेलं आणि स्टुलावर पाण्याने भरलेला डबा. दूध हवं असेल तर आधी डबा उतरवा, मग स्टूल सरकवा, मग दूध काढा, मग सगळं उलट्या क्रमाने. नवा फ्रिज घ्यायचा म्हणून बायको गेलं वर्षभर पैसे बाजूला टाकत होती.

"अहो, दिवसभर बिजागऱ्या बघता. एक आणून लावा की!" ती म्हणायची.

"त्या कपाटाच्या असतात. फ्रिजची बिजागरी वेगळी."

"लग्न झाल्यापासून तुमच्या ऑफिसातलं सगळं वेगळंच असतं," असं म्हणून ती डबा परत स्टुलावर ठेवायची.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग ऑफिसात ट्रेक ठरला.

ठरवला तो शिखरने. शिखर हे त्याचं नाव नाही, पण खरं नाव आता त्यालाही आठवत नसावं. हा माणूस हिशेब खात्यात बसतो आणि प्रत्येक सुट्टीत कुठल्या तरी डोंगरावर असतो. त्याने सूचनाफलकावर कागद लावला: दोन दिवसांचा ट्रेक, कुटुंबासह यायलाही हरकत नाही. मी वाचलं आणि आत काहीतरी हललं. खरं सांगतो, पन्नाशी जवळ आली तरी मी एकाही डोंगरावर चढलेलो नाही. खिडकीतून पाहिलेत, कॅलेंडरवर पाहिलेत. एकदा तरी वर जाऊन खाली बघावं, अशी फार इच्छा होती. मी लगेच नाव दिलं. एकच नाव दिलं. बायको येईल का, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. ती काय येणार, असं आपलं मीच ठरवून टाकलं.

"सॅक आहे का?" शिखरने विचारलं.

"आहे ना. मुलगी सासरी गेली, तिची शाळेची राहिलीय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चपला घालून ऑपरेशन करायला निघालोय! "अरे, सॅक चांगली घे. भारीतली घे. बाकी सगळं स्वस्तातलं चालतं, पण खांदे तुला दुसरे मिळणार नाहीत."

त्याने दुकानाचा पत्ता दिला. दुकानात मी त्या सॅककडे बघितलं, मग किमतीकडे बघितलं, मग शेजारी कुठे बसायला जागा आहे का ते बघितलं. जवळजवळ फ्रिजची किंमत! एका पिशवीला!

"साहेब, ही पिशवी नाही," विक्रेता दुखावल्यासारखा म्हणाला. "हिच्या पाठीला जाळी आहे, हवा खेळती राहते. वजन खांद्यावर येतच नाही, कमरेवर जातं. हे बक्कल बघा. हत्ती लटकला तरी सुटणार नाही."

त्याने बक्कल लावलं. कट्! काय आवाज होता! आयुष्यभर बिजागऱ्यांचे आवाज ऐकलेल्या माणसाला चांगल्या वस्तूचा आवाज लगेच कळतो. मी तिथेच अर्धा विरघळलो.

"पण टिकेल का?"

"घेऊन जा, बघा, पंधरा दिवसांत परत करा. पूर्ण पैसे मिळतील. फक्त टॅग काढायचा नाही आणि वापरल्याची खूण नको."

"वापरल्याशिवाय कळणार कसं?"

"वापरल्यावर कळतं साहेब, पण तोपर्यंत ती तुमची झालेली असते."

दुसरा कुणी असता तर हे ऐकून घरी गेला असता. मी तपासनीस! माझ्या डोक्यात योजना तयार झाली. सॅक फ्रिजच्या पैशांतून घ्यायची. पंधरा दिवस तिची कसून परीक्षा घ्यायची, टॅग न काढता आणि डाग न पाडता. पास झाली तर बायकोला बसवून नीट समजावायचं. नापास झाली तर पैसे जागच्या जागी, कुणाला पत्ताही लागणार नाही. योजनेत एकही भोक नव्हतं.

घरी सॅक ठेवणं शक्य नव्हतं. आमच्या घरात बायकोला माहीत नसलेली जागाच नाही. म्हणून तळमजल्यावर विजेच्या मीटरांचं कपाट आहे, त्याच्या मागे ती ठेवली. डोंगर आणायचा कुठून, हा प्रश्न इमारतीनेच सोडवला. सात मजले, अरुंद जिना. लिफ्ट असल्यामुळे जिन्यात सहसा कुणी फिरकत नाही. वजन म्हणून कारखान्यातल्या बाद झालेल्या बिजागऱ्या भंगाराच्या भावात रीतसर विकत घेतल्या आणि चांगल्या दोन बादल्या भरतील एवढ्या सॅकमध्ये ओतल्या. आतून टॉवेल लावला, ओरखडा नको! बाहेरून धूळ लागू नये म्हणून पूर्ण सॅक एका जुन्या चादरीत गुंडाळली, फक्त खांद्याचे पट्टे बाहेर काढले. टॅग प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टीने वर बांधला.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, बायको झोपेत असताना, मी चढाईला सुरुवात केली.

आता हे दृश्य बाहेरून कसं दिसत असेल, याचा विचार मी केला नव्हता. पहाटेची वेळ. जिन्यात अंधुक दिवा. एक गृहस्थ पाठीवर चादरीचं भलंमोठं गाठोडं घेऊन दबक्या पावलांनी चाललाय, आणि पावलागणिक गाठोड्यातून आवाज येतोय: खळ्ळ! खळ्ळ! खळ्ळ!

तिसऱ्या मजल्यावर आमच्या इमारतीचे सेक्रेटरी राहतात. निवृत्त आहेत, झोप कमी आहे आणि कान तिखट आहेत. दार उघडून ते बाहेर आले.

"काय हो, एवढ्या पहाटे?"

"काही नाही. जरा... असंच."

त्यांनी गाठोड्याकडे बघितलं. मी हललो. खळ्ळ!

"घरी माहीत आहे?"

इथे मी खरं सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सेक्रेटरींना सांगितलेलं त्यांच्या बायकोला कळतं, आणि त्यांच्या बायकोला कळलेलं माझ्या बायकोला कळायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणून मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "कृपा करून घरी काही बोलू नका. मी अजून काही नक्की ठरवलेलं नाही."

त्यांचा चेहरा एकदम हळवा झाला. "बरं, बरं," म्हणाले आणि आत गेले.

मी सातव्या मजल्यापर्यंत गेलो, धापा टाकल्या, खाली आलो. तिसऱ्या मजल्यावर ते दारातच उभे होते.

"परत आलात! छान केलंत!" त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. खळ्ळ!

मला वाटलं, शेजारी असावा तर असा. प्रोत्साहन देणारा.

दुसऱ्या पहाटे ते स्टूल घेऊन जिन्यातच बसलेले होते. "आजही?" मी म्हटलं, "हो. सवय करायला हवी ना." ते म्हणाले, "माणसाने रागाच्या भरात काही करू नये." मी म्हटलं, "राग कसला? मी शांतपणे, विचार करून करतोय." त्यावर त्यांनी नुसता सुस्कारा सोडला. तिसऱ्या पहाटे त्यांनी मला चहा पाजला आणि सांगितलं की त्यांनीही तरुणपणी एकदा असंच केलं होतं, पण कोपऱ्यावरूनच परत फिरले. मला वाटलं, यांनाही ट्रेकिंगची हौस दिसतेय!

थोडक्यात काय, पूर्ण इमारतीत पसरलं होतं ते असं: दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ रोज पहाटे घरातली भांडीकुंडी घेऊन घर सोडून जातात, सातव्या मजल्यापर्यंत पोचतात, आणि हिंमत होत नाही म्हणून परत येतात.

आणि अर्थातच चहा उकळायच्या आत ते बायकोच्या कानावर गेलं. तिने गुपचूप स्वयंपाकघरातली भांडी तपासली. सगळी जागेवर! त्यामुळे ती जास्तच घाबरली. भांडी नाहीत, तर हा माणूस काय घेऊन जातोय?

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ती अचानक गोड वागायला लागली. न मागता चहा. टोपलीतला मोठा आंबा मला. एकदा तर स्वतः डबा उतरवून, स्टूल सरकवून फ्रिजमधलं थंड पाणी आणून दिलं आणि समोर बसली.

"अहो, तुम्हाला काही बोलायचंय का?"

सॅक सापडली! पण चेहरा हलू न देता मी म्हटलं, "छे! काय बोलायचंय?"

"माझं काही चुकलं का?"

"तुझं? छे छे!"

"बरं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. फ्रिजच्या पैशांतून सॅक घेतलेल्या माणसाला बायकोचे भरलेले डोळे बघवत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मी ठरवलं, आता एकच शेवटची चाचणी. पूर्ण वजन, न थांबता सात मजले. मग जो काय निकाल असेल तो तिला सांगून टाकायचा.

परत करायचा शेवटचा दिवस उजाडला. मी उरलेल्या सगळ्या बिजागऱ्या सॅकमध्ये भरल्या. पट्टे आवळले, कमरेचं बक्कल लावलं. कट्! पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा मजला. खांद्यावर खरंच वजन नव्हतं! विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे ते सगळं कमरेवर गेलं होतं. कमरेचं काय होणार, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं. चौथ्या मजल्याच्या वळणावर कमरेत काहीतरी वाजलं. तुटलेल्या बिजागरीचा आवाज मी झोपेतही ओळखतो. फरक एवढाच की ही माझी होती!

मी जिन्यात बसलो तो बसलोच. उठता येईना. सॅक काढावी म्हणून बक्कल चाचपलं, तर चादरीचं टोक त्यात अडकून गच्च बसलेलं. हत्ती लटकला तरी सुटणार नाही! मी उलटं पडलेल्या कासवासारखे हातपाय हलवले. खळ्ळ! खळ्ळ!

सेक्रेटरी धावत वर आले. पण ते एकटे नव्हते. त्यांच्या मागून सासूबाई आल्या! हातात बॅग, कपाळावर आठ्या, थेट पहाटेच्या गाडीतून उतरलेल्या. गेल्या वर्षी त्या आमच्या लिफ्टमध्ये अडकल्या होत्या तेव्हा आतून फोन करून त्यांनी सेक्रेटरींना अर्धा तास झापलं होतं. तेव्हापासून त्यांचा नंबर सेक्रेटरींकडे होता, आणि आदल्या दिवशी सेक्रेटरींनी कर्तव्य म्हणून तो वापरला होता.

"कुठे निघालात जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"सातव्या मजल्यावर."

"तिथे कोण राहतं?" हा प्रश्न त्यांनी अशा आवाजात विचारला की सेक्रेटरी भिंतीला चिकटले.

"कोणाकडेही नाही हो! त्याच्या वर नुसती गच्ची आहे!"

"गच्चीवर?" सासूबाईंचा आवाज कापला. "जीव द्यायला?"

तेवढ्यात गडबड ऐकून बायको आली. तिने मला बघितलं, आईला बघितलं आणि मग तिची नजर गाठोड्यावर स्थिरावली.

"ही माझी चादर आहे," ती म्हणाली.

"आधी मला यातून सोडवा, मग सांगतो!" मी कळवळलो.

बायकोने चादर ओढली. तिच्याबरोबर वरची चेन उघडली, मी जरा कलंडलो, आणि पुढचा प्रकार मी जिवंत असेपर्यंत विसरणार नाही. बिजागऱ्या! चौथ्या मजल्यावरून खाली, पायरीमागून पायरी, खळाळत, उड्या मारत, एकामागून एक! इमारतीतली सगळी दारं उघडली. शेवटची बिजागरी तळमजल्यावर गोल गोल फिरून शांत झाली.

बायको जिन्यातल्या त्या ढिगाकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "एवढ्या बिजागऱ्या! आणि आपल्या फ्रिजला एक नाही!"

"त्या कपाटाच्या आहेत..."

"गप्प बसा."

तेवढ्यात सासूबाईंनी बॅगेतून कात्री काढली होती. "हे पट्टेच कापून टाकते. माणूस मोकळा तर होईल!"

"नको!" मी किंचाळलो. "पट्टा नको! काहीही कापा, पट्टा नको!"

"बरं, मग हे काय लोंबतंय?" असं म्हणत त्यांनी माझ्या कानाजवळचा दोरा कापला. कच्!

टॅग पडला.

बायकोने तो उचलला. प्लास्टिकची पिशवी काढली. वाचला. मी डोळे मिटून घेतले. सेक्रेटरी छताकडे बघायला लागले. तिने किंमत मोठ्याने वाचली, आणि मग एकच शब्द म्हणाली.

"फ्रिज?"

"हो," मी म्हणालो.

मग तिथेच, पायरीवर, मी सगळं सांगितलं. ट्रेक, शिखर, दुकान, पंधरा दिवस. घर सोडायचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता, हे मी तीनदा सांगितलं. सेक्रेटरींनी जाहीर केलं की गैरसमज झाला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे एवढा खर्च करून मी आले ते एका पिशवीसाठी?"

बायको रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही मला सोडून चाललात. आणि तुम्ही चालला होतात डोंगरावर. मला न विचारता. सोबत येतेस का, एवढं तरी विचारायचंत."

"तुला यायचं होतं?"

"शाळेत असताना मी डोंगर चढण्यात पहिली यायचे. कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. मी खाली बघितलं. खाली बिजागऱ्याच बिजागऱ्या.

तिने चादरीचं टोक दोन झटक्यांत ओढून काढलं. बक्कल सुटलं. सॅक मोकळी झाली तशी तिने ती उलटीपालटी केली, झटकली आणि स्वतःच्या पाठीला लावली. पट्टे सराईतपणे ओढले, कमरेचं बक्कल कट् करून लावलं आणि वर गेली. चौथा, पाचवा, सहावा, सातवा. परत खाली आली तेव्हा तिला धापही लागली नव्हती.

"छान बसते हो!" ती म्हणाली.

मला बायकोने आणि सेक्रेटरींनी धरून लिफ्टने घरी नेलं. डॉक्टर येऊन सांगून गेले: पंधरा दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही, चढायचं तर नावच नको.

तरी मी आशा सोडली नव्हती. पलंगावर पडल्या पडल्या सुईदोरा मागवला आणि टॅग परत जागेवर शिवला. बारीक टाके, मूळचाच वाटावा असा! दुकान बंद व्हायच्या आत बायकोला सॅक परत करायला पाठवलं. दोन तासांनी ती परत आली. पाठीवर सॅक, हातात एक खोका.

"घेतली नाही?"

"विक्रेता म्हणाला, आजवर लोकांनी टॅग चिकटवून आणलेत, शिवून कुणी आणला नव्हता. फार हसला तो. बाकीच्यांनाही बोलावून दाखवला."

"आणि हे काय?"

"बूट. सॅक आहे तर बूट नकोत? माझ्या पैशांचे घेतलेत."

ट्रेकच्या यादीत माझं नाव खोडून तिचं घातलं. शिखरने एका शब्दाने विचारलं नाही.

आता राहिला फ्रिज. नव्याचे पैसे सॅकमध्ये गेले होते आणि जुन्याचं दार तसंच होतं. उपाय बायकोलाच सुचला. एके संध्याकाळी तिने स्टूल आणि डबा बाजूला केला, सॅकची पाठ फ्रिजच्या दाराला टेकवली आणि कमरेचा पट्टा दोरीने वाढवून फ्रिजभोवती फिरवला. कट्! दार मिटलं आणि मिटूनच राहिलं. चार दिवस बर्फ वितळला नाही! अजून मुक्कामाला असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "वस्तू चांगली आहे हं." मला इतका आनंद झाला की मी वाकायला गेलो आणि परत पलंगावर पडलो.

मग ट्रेकचा दिवस आला. बायकोने फ्रिजवरची सॅक सोडली, कपडे भरले, बूट घातले आणि दारातून हात हलवून गेली. तिचा चेहरा असा खुललेला मी बऱ्याच दिवसांनी बघितला. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. दोन्ही खरंच वाटलं.

स्टूल होतं, पण पाण्याचा भरलेला डबा उचलायला मला मनाई आणि सासूबाईंना सांधेदुखी. तेव्हा डॉक्टरांच्या सगळ्या अटी पाळणारं एकच काम घरात उरलं होतं. मी स्टूल फ्रिजसमोर ठेवलं आणि त्यावर दाराला पाठ टेकवून ताठ बसलो.

दुपारी शिखरचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज, लोकांचं हसणं. "अरे, वहिनी सगळ्यांच्या पुढे! पार वर पोचल्या! इथून काय दिसतंय सांगू! आणि सॅक काय घेतलीस रे! पैसा वसूल आहे ना?"

मी विचार केला. या सॅकची जेवढी कसून परीक्षा झाली तेवढी कुणी घेतली नसेल. तिचं काम किती अवघड आहे, हे सकाळपासून ते स्वतः केल्यावर माझ्याइतकं कुणाला कळणार?

"एकदम वसूल," मी म्हणालो. "मी खात्रीने सांगतो."

फोन ठेवला. सासूबाई हातात चहाचं पातेलं घेऊन समोर उभ्या होत्या.

"जावईबापू, जरा सरका. दूध काढायचंय."